लाह्यांचा मका : आधी पाणी, मग पोते, मग बाटली

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे वस्तू व सेवा कर परिषदेची ५५ वी बैठक झाली आणि त्यानंतर काही दिवस देशभर पॉपकॉर्नचीच चर्चा चालू राहिली. सुट्या खारट लाह्यांवर ५ टक्के, वेष्टनात बांधून लेबल लावलेल्या लाह्यांवर १२ टक्के आणि साखरेचा पाक चढवलेल्या लाह्यांवर १८ टक्के कर, असा खुलासा परिषदेने केला व त्याची सर्वत्र यथेच्छ थट्टा झाली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये दरांची फेररचना झाली, तेव्हा खारट लाह्या सुट्या असोत वा वेष्टनातल्या, ५ टक्क्यांत आल्या. पाकातल्या मात्र १८ टक्क्यांतच राहिल्या. या साऱ्या वादात चित्रपटगृहातला प्रेक्षक होता, दुकानदार होता, कंपनी होती. शेतकरी तेवढा नव्हता. हा मका कोण पिकवतो, तो कशाच्या बळावर पिकतो, आणि त्याचे उत्पादन वाढावे म्हणून शेतकऱ्याच्या गळ्यात काय काय बांधले जाते, हे प्रश्न कोणीही विचारले नाहीत. समाजवादी साप्ताहिकाने तरी ते विचारले पाहिजेत. कारण विषय लाह्यांचा असला, तरी त्यातून जे उघड होते ते शेतीतील एकूण विषमतेचे स्वरूप आहे.

लाह्या आपल्याला नव्या नाहीत. नागपंचमीला ज्वारीच्या आणि लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आपल्या घराघरांत येतात; भडभुंज्याची भट्टी गावोगावच्या बाजारात होती. मक्याच्या लाह्यांचे पीक मात्र नेहमीच्या मक्याहून वेगळे. दाणा लहान, कवच टणक आणि आतला पिष्टमय गर काचेसारखा कठीण. दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असला, कवच कोठेही तडकलेले नसले, आणि तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, म्हणजे आतल्या वाफेचा दाब कवच फोडून गर बाहेर फेकतो. तीच लाही. त्यामुळे या पिकाचे माप दुहेरी आहे. एकरी किती क्विंटल निघाले हे एक, आणि दाणा भाजल्यावर किती फुगतो हे दुसरे. उत्पादनाच्या बाबतीत हा मका संकरित मक्याच्या मागेच राहतो. त्याचे खोड तुलनेने कमकुवत, म्हणून तो लोळण्याचा धोकाही अधिक. आपल्याकडे ‘अंबर’, ‘पर्ल’ यांसारखे सार्वजनिक संशोधनातून आलेले वाण आहेत. तरीही या पिकाची विक्री बहुतांशी खरेदीदाराच्या मर्जीवर अवलंबून असते. मक्याला २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी क्विंटलला २,४०० रुपये असा किमान आधारभूत भाव जाहीर झाला. लाह्यांच्या मक्याला असा स्वतंत्र भाव नाही. प्रत ठरवणार खरेदीदार आणि भाव ठरवणारही तोच.

अशा पिकाचे उत्पादन वाढवायचे तर काय करावे? कोणत्याही कृषी सेवा केंद्रात हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असते. युरियाची दोन पोती जास्त घाला आणि हे ‘टॉनिक’ दोन वेळा मारा. वाढीला जोम देणारी संजीवके, समुद्री शेवाळाचे अर्क, अमिनो आम्ले, ह्युमिक आम्ल असे नाना प्रकारचे द्रव रंगीत बाटल्यांतून विकले जातात. बाटलीवर भरगच्च कणसाचे चित्र असते. त्या कणसाला पाणी किती दिले होते, हे मात्र चित्रात दिसत नाही. माझ्या मते हा साधा वगळा सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

पाणी, खत आणि फवारा हे तीन घटक सुटे सुटे काम करीत नाहीत. एका घटकाचा परिणाम दुसरा घटक उपलब्ध आहे की नाही यावर ठरतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत प्रयोगाची जी पद्धत रूढ केली, ती याच जाणिवेतून. एका वेळी एकच घटक बदलून पाहण्याऐवजी त्यांची सर्व संयोगे एकाच शेतात शेजारी शेजारी लावून पाहावीत, असे त्याचे म्हणणे. आपल्या तीन घटकांना ही पद्धत लावली तर आठ वाफे होतात. पहिल्यात काहीच नाही. पुढच्या तिघांत एकेक घटक: नुसते पाणी, नुसते खत, नुसता फवारा. त्यापुढच्या तिघांत दोन दोन. आणि आठव्यात तिन्ही.

या आठ वाफ्यांत मक्याचे काय होते, हे वनस्पतिशास्त्राच्या आधारे सांगता येते. नुसत्या फवाऱ्याच्या वाफ्यात जवळजवळ काहीच होत नाही. संजीवक हे अन्न नव्हे. तो एक संदेश असतो. पेशींनी लांब व्हावे, फुले गळू नयेत, खोड आखूड राहावे, असे काहीतरी तो रोपाला सांगतो. ज्या रोपाजवळ पाणीही नाही आणि नत्रही नाही, त्याने तो संदेश पाळावा कशाच्या बळावर? शिवाय पाण्याचा ताण पडला की पानांवरची रंध्रे मिटतात, प्रकाशसंश्लेषण मंदावते, पाने सुरळीसारखी गुंडाळतात. अशा पानावर मारलेला थेंब बहुधा वायाच जातो.

नुसत्या खताच्या वाफ्यात काय होते? कोरड्या मातीवर टाकलेल्या युरियातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत जातो. जो उरतो तो मुळांपर्यंत पोहोचायला मातीत ओल हवी. कारण नत्र पाण्याबरोबरच वाहत मुळाकडे जाते. सुरुवातीला पाऊस झाला आणि पुढे खंड पडला, तर प्रसंगी याहून वाईट घडते. खतामुळे पाने जोमाने वाढतात, ती मातीतली ओल लवकर संपवतात, आणि नेमके तुरा येण्याच्या वेळी रोप कोरडे पडते. अशा वर्षी खत घातलेला शेतकरी न घातलेल्यापेक्षा अधिक तोट्यात जातो. पीक गेलेच, वर खताचे पैसे आणि त्यावरचे व्याजही गेले.

नुसत्या पाण्याचा वाफा मात्र उभा राहतो. नत्र कमी असल्याने खालची पाने टोकापासून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडतात, कणसे लहान राहतात. पण कणसे असतात आणि त्यांत दाणे असतात. पाणी आणि खत एकत्र आले की खरी वाढ दिसते, आणि ती दोघांच्या सुट्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. या सातव्या वाफ्यावर फवारा मारून आठवा केला, तर कधी थोडी भर पडते, कधी पडत नाही. जमिनीत जस्ताची उणीव असेल तर झिंक सल्फेटने नक्की फरक पडतो. पण ते संजीवकाचे नव्हे, अन्नद्रव्याचे काम आहे, आणि ते मातीतूनही देता येते.

फवाऱ्यांना मी सरसकट खोटे म्हणत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत जिबरेलिक आम्लाने मणी फुगतात हे कोणीही बागायतदार सांगेल. कापसाची पातेगळ रोखण्यासाठी एन.ए.ए. वापरतात, तेही अनुभवातूनच. परंतु द्राक्षबागेला ठिबकचे पाणी, मोजून दिलेले खत आणि वर्षभराची मजुरी आधीच मिळालेली असते. म्हणजे ती बाग आठव्या वाफ्यातच उभी आहे. तिथला अनुभव उचलून पावसावर जगणाऱ्या मक्याच्या शेतकऱ्याला विकणे, हा शास्त्राच्या नावाने चाललेला व्यापार होय. सातव्या वाफ्याचे श्रेय आठव्या वाफ्यातल्या बाटलीला देणे ही त्या व्यापाराची युक्ती आहे. तुलना सातव्याशी न करता पहिल्याशी केली की बाटलीचा चमत्कार सिद्ध होतो!

आता पाण्याचे प्रमाण पाहू. हेक्टरभर मक्यावर एक फवारणी करण्यास सुमारे ५०० लिटर पाणी पुरते. त्याच हेक्टरला ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागते. दोहोंत हजारपटींचा फरक आहे. संबंध हंगामात मक्याला ५०० ते ८०० मिलिमीटर पाणी हवे असते. खरिपात त्यातला मोठा भाग पाऊस देतो. प्रश्न असतो तो खंडाच्या काळातल्या एका, फार तर दोन पाळ्यांचा.

आणि तो प्रश्न जीवनमरणाचा असतो. मक्याचा तुरा परागकण सोडतो, त्याच सुमारास कणसाला केस यावे लागतात. ताण पडला की केस उशिरा येतात. तोवर परागकण झडून गेलेले असतात. मग कणसावर दाण्यांऐवजी मोकळ्या जागा राहतात. अमेरिकेतील रॉबिन्स व डोमिंगो या संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की तुऱ्याच्या अवस्थेत रोप एक-दोन दिवस कोमेजलेले राहिले तर मक्याचे उत्पादन सुमारे २२ टक्क्यांनी घटते आणि सहा ते आठ दिवस राहिले तर सुमारे निम्मे होते. दाणे भरताना ताण पडला तर दाणा हलका राहतो. नेहमीचा मका अशा वेळी कोंबडीखाद्य म्हणून तरी खपतो. लाह्यांच्या मक्याचे तसे नाही. हलका दाणा नीट फुलत नाही, आणि न फुललेल्या दाण्याला तो खरेदीदार विचारीत नाही. म्हणजे पाण्याची एक पाळी चुकली तर शेतकरी वजनातही मार खातो आणि प्रतीतही.

ऑगस्ट २०२३ आठवावा. १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातील तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी. जूनअखेर पेरलेला मका साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे नेमका ऑगस्टच्या मध्यावर तुऱ्याला येतो. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या खंडात ज्याच्या विहिरीला पाणी होते, त्याचे पीक तरले. नव्हते त्याचे गेले. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच भावाने, एकच खत घेतलेले असू शकते. फरक पाडला तो पाण्याने.

रोपाच्या दृष्टीने क्रम असा स्पष्ट आहे: आधी पाणी, मग खत, आणि शेवटी, जमलेच तर, फवारा. आपल्या सरकारच्या आणि बाजाराच्या व्यवस्थेत तो नेमका उलटा आहे, हे आता पाहू.

फवाऱ्याची बाटली गावच्या दुकानात उधारीवरही मिळते. तिच्यावर वर्षानुवर्षे नीटसे नियंत्रणच नव्हते. जिबरेलिक आम्लासारखी संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. परंतु ज्यांना जैव उत्तेजके म्हणतात ती द्रव्ये खत नियंत्रण आदेशात आली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले, की अशी सुमारे ३०,००० उत्पादने वर्षानुवर्षे बेधडक विकली जात होती, नियमन सुरू झाल्यावर ती ८,००० च्या आसपास उरली आणि कसोटी कडक केल्यावर जेमतेम ६५०. हे आकडे विरोधकांचे नव्हेत. ३०,००० मधून ६५० उरत असतील, तर बाकीच्यांवर शेतकऱ्याने जो पैसा घातला त्याचा हिशेब कोणी द्यायचा? तो पैसा परत मिळाल्याचे कोठे ऐकिवात नाही. त्यातच खताच्या टंचाईच्या दिवसांत युरियाच्या पोत्याबरोबर एखादी बाटली घेतलीच पाहिजे अशी सक्ती होते. तिला दुकानदारांच्या भाषेत ‘लिंकिंग’ म्हणतात. ती बेकायदेशीर आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती चालते हेही सर्वांना ठाऊक आहे.

पोत्याची कथा वेगळी. इथे सरकार भरघोस खर्च करते. २०२२-२३ या वर्षी केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास गेले. २०१० पासून स्फुरद व पालाश यांचे भाव पोषणद्रव्याधारित अनुदानाच्या योजनेत बरेचसे मोकळे झाले. युरियाचा भाव मात्र सरकारी नियंत्रणातच राहिला. २०१८ पासून ४५ किलोचे झालेले युरियाचे पोते सुमारे २६६ रुपयांना मिळते. त्यामुळे शेतकरी नत्राकडे झुकला आणि मातीचा समतोल ढळला, अशी तक्रार होते. तक्रार खरी आहे. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस सर्वसाधारणपणे केली जाते. नत्र तीन हप्त्यांत द्यायचे असते. सगळे नत्र युरियातून द्यायचे तर सुमारे २६० किलो, म्हणजे पावणेसहा पोती लागतात. लाह्यांच्या मक्याला नत्राचा अतिरेक झाला तर खोड लुसलुशीत होते, पीक लोळते, पक्वता लांबते, आणि दाणा वेळेवर वाळत नाही. जास्त खत म्हणजे जास्त उत्पन्न, हे समीकरण एका मर्यादेपर्यंतच चालते. घटत्या सीमान्त फलाचा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तो शेताच्या बांधावर शेतकरी पदवी न घेताच शिकतो.

पण याहून महत्त्वाचा मुद्दा अनुदानाच्या वाटपाचा आहे. अनुदान पोत्यावर आहे. म्हणजे जो जास्त पोती वापरतो त्याला ते जास्त मिळते. जास्त पोती कोण वापरू शकतो? ज्याच्याकडे पाणी आहे तो. कोरडवाहू शेतकरी खत कमी घालतो ते अडाणीपणाने नव्हे. पाऊस हुलकावणी देईल या धास्तीने तो आपला खर्च आवरून धरतो, आणि त्याच्या परिस्थितीत तोच निर्णय शहाणपणाचा असतो. त्याला ‘शास्त्रीय शेती’ची व्याख्याने देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि कंपनीच्या प्रतिनिधींनी हे एकदा समजून घ्यावे. पाण्याची विषमता अशा रीतीने खताच्या अनुदानात उतरते, तेथून उत्पन्नात, तेथून पतपुरवठ्यात, आणि शेवटी जमिनीच्या मालकीत. ज्याला पाणी आहे त्याला राज्याचा दुसरा रुपयाही आपोआप मिळतो.

आणि ज्याच्यावर सारे अवलंबून, त्या पाण्याचे काय? तेथे वारसा, भांडवल आणि राजकीय वजन यांचे राज्य आहे. भूमिगत पाण्यावरचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकीला चिकटलेला आहे. ज्याची जमीन त्याची विहीर, आणि ज्याची मोटर मोठी त्याचे शेजाऱ्याचेही पाणी! महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला. त्याची अंमलबजावणी किती गावांत दिसते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात पाहावे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. शेततळ्यात पावसाचे वाहते पाणी साठावे ही कल्पना उत्तम. परंतु प्लॅस्टिक अंथरून त्या तळ्यात विहिरीचे पाणी उपसून भरले, की सामाईक भूजलाचे रूपांतर खासगी साठ्यात होते. आणि असे अनेक ठिकाणी झाले आहे.

कालव्याचे पाणी तर सार्वजनिक पैशाचे. तेथे काय दिसते? महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या ऊसविषयक अहवालात नमूद केले आहे. उसाला ढोबळमानाने २,००० मिलिमीटर पाणी धरले, तरी एका हेक्टर उसाच्या पाण्यात ५ सेंटिमीटरच्या ४० पाळ्या बसतात. वहनातली गळती दोन्हीकडे सारखी मानली, तर एक हेक्टर ऊस किंवा ४० हेक्टर मक्याला ऐन तुऱ्यातली एकेक पाळी, असा हा पर्याय आहे. पाणीच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा साधा भागाकार करून पाहावा.

ऊस पिकवणाराही शेतकरीच आहे, त्यातले अनेक अल्पभूधारक आहेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मला मान्य आहे. आमचे भांडण ऊस पिकवणाऱ्या माणसाशी नाही. बारमाही पाण्याच्या मक्तेदारीशी आहे. आणि ही मागणी काही आजची नव्हे. वि. म. दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीने १९७९ साली राज्यातील प्रकल्पांवर आठमाही पाणीवाटपाचा विचार सविस्तर मांडला होता. पाणी आठ महिने, खरीप आणि रब्बीला, आणि अधिकात अधिक क्षेत्रावर पसरवून द्यावे, हे त्याचे सूत्र. अर्धे शतक होत आले. ते सूत्र कागदावर राहिले आणि साखर कारखान्यांची धुराडी वाढत गेली. त्याहीआधी १९४८ साली धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या अभ्यासात सिंचनाचे प्रत्यक्ष लाभ मोजलेच, पण अप्रत्यक्ष लाभही हिशेबात धरले. पाण्याने केवळ बागायतदाराचे उत्पन्न वाढत नाही, तर मजुराचा रोजगार, बाजारपेठ आणि वाहतूकही वाढते. ज्याचे लाभ असे समाजभर पसरतात, त्याचा हक्क मूठभरांपुरता ठेवायचा, हे कोणत्या न्यायाने?

दुसरा मार्ग शक्य आहे, हे याच महाराष्ट्रात दिसले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७४ पासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. या प्रयोगाच्या मर्यादा होत्या, सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही खरे. परंतु पाणी ही मालमत्ता नसून माणसाचा हक्क आहे हे तत्त्व तेथे ठरावात न राहता पाइपलाइनमधून वाहिले. त्याच्याही नव्वद वर्षे आधी, १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये महात्मा फुल्यांनी बंधारे, तलाव आणि शेतात पाणी मुरवण्याचा आग्रह धरला होता. शेतीच्या सुधारणेची सुरुवात पाण्यापासून होते, हे त्यांना प्रयोगशाळेशिवाय कळले होते.

कोणी म्हणेल, लाह्यांसारख्या चैनीच्या पिकाला पाणी मागण्यात समाजवाद तो कोणता? चैन खाणाऱ्याची असेल. पिकवणाऱ्याला तो शंभर-सव्वाशे दिवसांचा रोकड पैसा आहे. कोरडवाहू कुटुंबाने काय पिकवावे हे आपण ठरवू नये. त्याला निवड करता येईल इतके पाणी मिळावे, एवढेच आपण पाहावे. ते पाणी तो बाजरीला देईल, तुरीला देईल, नाहीतर लाह्यांच्या मक्याला. ती त्याची मुखत्यारी.

या विवेचनातून कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे येतात. पहिले काम पाणीवापर संस्थांत आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकांच्या वेळी करायचे आहे. ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांचा खंड पडला तर खरिपाच्या पिकांना संरक्षित पाण्याची एक पाळी मिळणे हा लाभक्षेत्रातील प्रत्येक कुटुंबाचा पहिला हक्क मानावा, आणि बारमाही पिकांचा विचार त्यानंतर व्हावा, ही मागणी लेखी नोंदवावी.

दुसरे काम कृषी विद्यापीठांकडे. फवाऱ्यांच्या चाचण्या केवळ बागायती प्रक्षेत्रावर न घेता कोरडवाहू शेतावरही घ्याव्यात, आठही वाफ्यांचे आकडे मराठीतून प्रसिद्ध करावेत, आणि प्रत्येक बाटलीवर ‘किती पाण्याखाली ही चाचणी झाली’ हे छापणे सक्तीचे असावे. लोकांच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा निष्कर्ष आज लोकांना कंपनीच्या पत्रकातून कळतो, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

तिसरे काम दुकानाच्या पायरीवरचे. ‘लिंकिंग’ची सक्ती झाली की पावती मागावी, पावती नाकारली तर चार जणांच्या सह्यांनी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार द्यावी. एकटा शेतकरी उधारीमुळे तोंड उघडू शकत नाही. म्हणून त्याच्याबरोबर संघटना उभी राहिली पाहिजे.

चौथे, खरेदीचे. जेथे लाह्यांचा मका कराराने घेतला जातो, तेथे ओलावा आणि फुगण्याचे प्रमाण शेतकऱ्यासमोर मोजले जावे, आणि प्रत नापास झाल्यास माल किमान मक्याच्या आधारभूत भावाने उचलण्याची अट करारात असावी. या अटीवाचून केलेला करार म्हणजे पावसाची जोखीम शेतकऱ्याची आणि नफा खरेदीदाराचा.

खत अनुदानाच्या फेरविचाराची भाषा दिल्लीत अधूनमधून होतच असते. अनुदान कापून वाचलेला पैसा तिजोरीत जाणार असेल तर आपण त्याला विरोध केला पाहिजे. परंतु पोत्यावरचा काही पैसा कोरडवाहू गावांच्या सामाईक पाणीसाठ्यांवर, माती-पाणी अडवण्यावर आणि समन्यायी वाटपावर वळवा, अशी मागणी आपणच पुढे होऊन केली पाहिजे. ज्या गावाला पाणी मिळेल ते गाव खत कोणी न सांगता वापरील, मोजून वापरील, आणि बाटलीची जाहिरात वाचून स्वतःच ठरवील की ती घ्यावी की नाही. येत्या खरिपाआधी, निदान एका तालुक्यात, कोणत्या गावांना ऑगस्टमधली ती एक पाळी मिळू शकते आणि कोणत्या गावांना ती कोणामुळे मिळत नाही, याची यादी आपल्या साथींनी तयार करावी. त्या यादीवरून पुढची लढाई कोठे करायची ते ठरवता येईल.